रोजच्या घालण्यातलं

सराफाच्या दुकानात शिरलेली बाई पहिलं वाक्य काय बोलते, यावर तिचं आदरातिथ्य ठरतं. "लग्नाचं दाखवा" म्हणाली, की मखमली पेट्या उघडतात, वरचे दिवे लागतात आणि चहा की सरबत अशी विचारणा होते. "रोजच्या घालण्यातलं काहीतरी दाखवा" म्हणाली, की काउंटरखालचा एक ट्रे वर येतो आणि चहाचा विषय निघत नाही. माझ्या मते हे उलटं हवं. पहिलीने घेतलेला चपलाहार वर्षातून दोनदा बाहेर पडेल, दोन तास एसी हॉलमध्ये बसेल आणि परत पेटीत जाऊन झोपेल. दुसरीने घेतलेलं जे काही असेल, ते तिच्यासोबत आंघोळ करेल, कणीक मळेल, धावत लोकल पकडेल आणि पोराला ताप आला तर रात्रभर जागेल.

तिच्या अटीही कामाला माणूस ठेवताना घालाव्यात तशा असतात. पदरात अडकायला नको, केसांत गुंतायला नको, कडेवरच्या बाळाला टोचायला नको, साबण साठायला नको, हिसका बसला तर चटकन तुटायला नको. हे सगळं सांगून झाल्यावर, पर्स उघडता उघडता, "आणि दिसायला बरं असू द्या."

समारंभाच्या दागिन्यांना घराणी आहेत. कोल्हापुरी साज, ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, तन्मणी, पुतळ्यांची माळ, शिंदेशाही तोडे. साजाच्या पानांत तर विष्णूचे अवतार ओवलेले असतात आणि कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ ते एकेक करून ओळखून दाखवतात. रोजच्या दागिन्याला असं काही नसतं. "माझं नेहमीचं" एवढ्यावर त्याची ओळख भागते. लग्नाच्या अल्बमात तो मोठ्या हारांच्या खाली कुठेतरी दबलेला असतो. त्याचा धड दिसेल असा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात कोण धड दिसतं?

पण हा बिननावाचा दागिना कामाला वाघ असतो. मंगळसूत्रापासूनच सुरुवात करू. दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची, मध्ये काळे मणी. इथवर शास्त्र झालं. त्या वाट्यांच्या शेजारी जी सेफ्टी पिन लटकत असते तिच्याबद्दल शास्त्रात काही नाही, आणि सगळा संसार मात्र तिच्यावर चालतो. आमच्या आत्याबाईंच्या मंगळसूत्रात लहानमोठ्या पिनांचा असा झुबका होता, की एक्स-रे काढणाऱ्या मुलाने "आजी, आधी ती हत्यारं काढून ठेवा" असं म्हटलं होतं. त्या पिनांनी आत्याबाईंनी काय केलं नाही? पदर लावला, परकराची नाडी ओवली, नातवाच्या पायातला काटा काढला, तुटलेल्या चपलेचा अंगठा जोडला आणि एका हळदीकुंकवात एका अनोळखी बाईची ऐनवेळी उसवलेली लाज राखली. त्या अनोळखी बाईंशी पुढे जन्माचा घरोबा झाला. चपलाहाराने कोणाशी घरोबा झाल्याचं मी ऐकलेलं नाही. झालाच तर थोडा दुरावाच होतो.

दुसरं काम आवाजाचं. बाळाच्या पायात चांदीचे वाळे घालतात ते काय केवळ कौतुकासाठी? आई ओट्याशी असते, तिचे डोळे दुधावर आणि कान वाळ्यांवर. छुमछुम हॉलमधून जिन्याकडे निघाली, की ती गॅस बारीक करते. छुमछुम अचानक थांबली, की गॅस बंद करून धावतच सुटते, कारण रांगतं मूल गप्प बसलं याचा अर्थ त्याने काहीतरी तोंडात घातलेलं आहे. बांगड्यांचंही तसंच. सकाळच्या अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या बांगड्यांवरून कळायचं की आई दळण निवडते आहे, भाकरी थापते आहे की कोणावर तरी रागावून भांडी घासते आहे. भाकरीच्या बांगड्यांना ताल असतो, रागाच्या बांगड्यांना नसतो. रेडिओच्या स्टुडिओत माइकसमोर बसण्याआधी बायकांना बांगड्या काढून ठेवायला सांगतात, ते याचसाठी. टाळेबंदीत घराघरांत ऑनलाइन मीटिंगा सुरू झाल्या तेव्हा हे ज्ञान सगळ्या कचेऱ्यांना झालं. कॅमेरा बंद करून, गंभीर चेहऱ्याने तिमाहीचा आढावा ऐकणाऱ्या बाईंचा कांदा किती चिरून झाला, हे साहेबांपर्यंत स्वच्छ पोचत होतं.

रोजच्या दागिन्याची खरी परीक्षा कणकेत होते. अंगठीच्या नक्षीत कणीक शिरते, वाळते आणि दुसऱ्या दिवशी पिनेनेच काढावी लागते. म्हणून शहाण्या बायका अंगठी काढून ठेवतात. कुठे ठेवतात, हा मोठा प्रश्न आहे. ओट्याच्या कडेला, डब्याच्या झाकणावर, खिडकीच्या गजाला, नळाच्या तोटीवर, देवापुढच्या तबकात. संध्याकाळी बोट मोकळं लागतं आणि शोध सुरू होतो. आधी उरलेल्या कणकेचा गोळा उकलतात, मग कचऱ्याचा डबा पालथा करतात, मग धुणंभांडी करणाऱ्या मावशींवर शंका घेतात, आणि शेवटी अंगठी मसाल्याच्या डब्यात मोहरीच्या वाटीत सापडते. यातली तिसरी पायरी कुठल्याच घरात चुकत नाही. अंगठी सापडली, की सत्यनारायण बोलतात. मावशींची माफी मागायचं मात्र कोणाला सुचत नाही.

फिरकी हा याहून बारीक प्रकार. कानातल्याच्या मागचा तो मळसूत्राचा मणी दिसायला एवढासा असतो, पण घरातल्या सगळ्यांना जागच्या जागी थिजवण्याची ताकद त्याच्यात असते. "थांबा! कोणी हलू नका, फिरकी पडली" अशी हाक आली, की सासरे पेपर खाली ठेवतात, मुलगा एक पाय वर धरून उभा राहतो, नवरा मोबाइलचा दिवा लावून चौपायासारखा फरशीवर उतरतो. एरवी त्या घरात कोणी कोणाचं ऐकत नाही.

मी बँकेत होते, आणि तिथे बरीच वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर बसले. त्यामुळे लोकांच्या अंगावरचे दागिने मला अंगावरून उतरल्यावर, वजनकाट्यावर भेटले. आमच्याकडे मूल्यांकनाला येणारे सराफ काका दागिना हातात घेतल्याबरोबर सांगायचे, "हा पेटीतला" किंवा "हा अंगावरचा." त्यासाठी त्यांना कसोटीचा दगडही लागत नसे. ते अंगठी उभी धरायचे आणि तळहाताकडची बाजू दाखवायचे. वरून जाड दिसणारी अंगठी आतून पानासारखी पातळ झालेली असायची. पाटलीच्या कडांची नक्षी सपाट, मंगळसूत्राच्या कड्या दोऱ्यासारख्या बारीक, कानातल्याची दांडी वाकलेली. मग ते दगडावर रेघ ओढून, वर आम्लाचा थेंब टाकून कस बघत, काळ्या मण्यांचं वजन वजा करत, पोकळ गोठ असले तर आतल्या लाखेचं वजा करत, आणि निव्वळ सोन्याचा आकडा मला सांगत. तो आकडा ऐकून समोरच्या बाईचा चेहरा हमखास पडायचा.

"काका, पाच तोळ्याच्या आहेत हो पाटल्या. माझ्या सासूबाईंच्या. काट्यात काहीतरी गडबड आहे."

काका शांतपणे समजावायचे. सासूबाईंचा तोळा जुना, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. म्हणजे त्या हिशेबाने वजन जास्तच भरायला हवं होतं. हे ऐकून बाईंचा आवाज आणखी चढायचा. मग काका चष्मा काढून म्हणायचे, "वहिनी, सोनं कोणी नेलं नाही. कामात गेलं."

हे अक्षरशः खरं आहे. सोनं हा फार मऊ धातू. खनिजांच्या कठीणपणाची मोह्स नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर हिरा दहावर बसतो, साधी काच साडेपाचच्या आसपास आणि शुद्ध सोनं अडीच-तीनवर. म्हणून दागिन्यात तांबं, चांदी मिसळून त्याला थोडा ताठपणा आणतात. बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी भेसळ नव्हे तर आधार. तरीसुद्धा ते काचेपुढे मऊच. आता बाईच्या हाताकडे बघा. मध्ये हिरव्या काचेच्या बांगड्या आणि त्यांच्या पुढेमागे सोन्याच्या. कासाराकडून डझनाने भरलेली काच शेजारच्या सोन्याला दिवसभर कानस लावत असते. काच फुटते तेव्हा आवाज होतो, चार जणी हळहळतात. सोनं रोज झिजतं त्याचा आवाज येत नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षराअंकांचा स्वतंत्र क्रमांकही सक्तीचा. सोन्यालाही आधार नंबर मिळाला म्हणायचं. पण रोज घासणाऱ्या अंगठीवर हा बारीक क्रमांकही हळूहळू पुसट होत जातो. कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, तसलाच हा प्रकार.

झिजलेलं सोनं जातं कुठे? सराफकट्ट्यावर त्याची सोय आहे. झारेकरी नावाची मंडळी सोनारांच्या दुकानातला केर, राख, गटारातला गाळसुद्धा विकत घेतात, धुतात, आटवतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. घरातल्या सोन्यासाठी झारेकरी नाही. ते भांड्यांच्या पाण्याबरोबर मोरीतून जातं, थोडं कणकेतून घरच्यांच्या पोटात जातं, थोडं साडीच्या काठाला लागून लाँड्रीत जातं. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्राच्या मोऱ्यांतून किती तोळे सोनं वाहून गेलं असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मांडला तर त्या बायकांनी केलेल्या कामाचाही मांडावा लागेल.

टिकाऊपणाच हवा असेल तर त्याचा उपाय सरकारने एकदा सुचवून पाहिला होता, जरा वेगळ्या कारणाने. चीनशी युद्ध झाल्यावर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवे दागिने चौदा कॅरटच्या वर करायला बंदी झाली. धातूच्या दृष्टीने चौदा कॅरट कणकेला, धुण्याला, काचेच्या शेजाराला कितीतरी पुरून उरतं. पण घरोघरच्या बायकांनी ते साफ नाकारलं, आणि बिचाऱ्या सोनारांचे हाल झाले. पुढे १९६८ मध्ये कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्दही झाला. चौदा कॅरटचं सोनं जास्त टिकेल हे बायकांना पटलं नव्हतं असं नाही. मोडायला गेलं तर काय येईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. रोजच्या दागिन्याला अडीअडचणीचीही ड्युटी असते, हे अर्थमंत्र्यांच्या लक्षात आलं नसावं.

ती ड्युटी मी टेबलावरून बघत आले. मृग लागण्याच्या सुमाराला शाखेत गर्दी व्हायची. बी-बियाणं, खतं, पोरांच्या शाळेची फी, सगळं एकाच महिन्यात. गळ्यातलं, हातातलं उतरून आमच्या तिजोरीत यायचं आणि बाई काळ्या मण्यांच्या साध्या पोतीवर घरी जायची. पीक हाती आलं की दिवाळीच्या आगेमागे हेच दागिने परत अंगावर जायचे. पाकिटं ओळखीची झाली होती. काही पाटल्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा त्या बँकेत हजेरी लावली असेल. कधी नवरा एकटाच दागिने घेऊन यायचा. मी विचारायची, "हे काय आहे? नोंद करायची आहे." तो म्हणायचा, "ते... गळ्यातलं." "गळ्यातलं कुठलं? बोरमाळ, गंठण, मोहनमाळ?" तो माणूस इतकी वर्षं रोज बघत असलेल्या दागिन्याकडे पहिल्यांदाच नीट बघायचा आणि म्हणायचा, "पिवळं." स्त्रीधन हे बायकोच्या मालकीचंच असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगून ठेवलं आहे. म्हणून मी अशांना, "वहिनींना घेऊन या, सही लागेल," म्हणून परत पाठवायची. वहिनी यायच्या आणि पाच सेकंदांत नाव, वजन, कोणी केलं, कधी केलं, कुठल्या कडीला डाग दिलाय, सगळं सांगायच्या.

कामावर असताना दागिना कसा घालावा, याचं उत्तम शिक्षण मुंबईच्या मासळी बाजारात मिळतं. कोळीण पाटीपुढे बसलेली असते, गळ्यात ठसठशीत सोनं, कानांत सोनं, आणि हात कोपरापर्यंत सुरमईच्या रक्ता-खवल्यांत. सोनं घातलंय म्हणून तिचा कोयता अडखळत नाही आणि मासळी कापायची म्हणून ती सोनं उतरवत नाही. भाव करताना मात्र ते सोनं आपल्या डोळ्यांपुढे हलतं आणि आपला आवाज आपोआप खाली येतो. सोन कोळी बायकांबद्दल जुन्या गॅझेटियरांत एक नोंद आहे : काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हातात, उजव्या हातातल्या लग्नाच्या वेळी दर्याला अर्पण केलेल्या, धन्याला सुखरूप ठेव म्हणून. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे. मला आपलं दिसतं ते एवढंच, की कापायचा हात मोकळा राहिला. दर्याने धनी सांभाळला आणि बाईने धंदा.

काम कधी दागिना घाल म्हणतं, कधी काढ म्हणतं. लेथ मशीनवर अंगठी घालून उभं राहता येत नाही. फिरत्या भागात अंगठी अडकली तर ती बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून नेते. विजेचं काम करणारे कडं-अंगठी काढून खिशात टाकतात. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात दागिने घालून पदार्थ हाताळायला मनाई असते, कारण हरवलेली फिरकी मोहरीच्या वाटीत सापडली तर ठीक, गिऱ्हाइकाच्या दातांखाली सापडली तर नाही. दवाखान्यात तर ऑपरेशनच्या आधी सगळंच उतरवावं लागतं. चिरा देऊन रक्त थांबवणारं यंत्र विजेवर चालतं, अंगावरच्या धातूपाशी भाजण्याची भीती असते, आणि सलाइनने बोटं सुजली तर अंगठी रुतून बसते. वर्षानुवर्षांची अंगठी निघत नसली की अनुभवी सिस्टर एक साधी करामत करतात. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून सारतात, उरलेला दोरा नखाच्या दिशेने बोटावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळतात आणि मग खालचं टोक धरून उलट सोडवत येतात. प्रत्येक वेढ्यागणिक अंगठी एक सूत पुढे सरकते. सांध्यापाशी क्षणभर अडते, बाई डोळे मिटते, आणि पुढच्या वेढ्याला अंगठी सिस्टरच्या हातात येते. खाली बोटावर पांढराफटक पट्टा राहतो.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मग एक दृश्य हमखास दिसतं. एरवी घरातली चहापत्ती कुठे असते हे ठाऊक नसलेला नवरा बायकोचे दागिने रुमालात बांधून, तो रुमाल मुठीत धरून दोन तास उभा असतो. खुर्ची रिकामी असते, पण तो बसत नाही. खिशात ठेवायला त्याचा जीव धजत नाही. मध्येच गाठ सोडून तो जोडवी मोजतो. त्या दोन तासांत त्या माणसाला बायकोच्या अंगावर रोज काय काय असतं, याचं शिक्षण मिळतं. बँकेत "पिवळं" म्हणणाऱ्या मंडळींनी हा वर्ग जरूर करावा.

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून घेऊ. पेशवाईत पुरुष कानात भिकबाळी घालत. हल्ली ढोल-ताशा पथकांत ती परत आली आहे. पुष्कराज-पोवळ्याच्या अंगठ्या पूर्वीपासून आहेत आणि त्या गुरू-मंगळावर लक्ष ठेवण्याच्या कामी असतात. कणीक मळण्याच्या कामी त्यांना कोणी पाहिलेलं नाही. पुणे-पिंपरीकडे तर किलोच्या हिशेबात साखळ्या घालणारे 'गोल्डमॅन' होऊन गेले, एकाने सोन्याचा शर्ट करवून घेतला. एवढं वजन घेऊन काम करणं अवघडच. ते घालणं हेच काम असावं.

आता यातली भीती. सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडल्यापासून अंगावरचं 'नेहमीचं' हे चोराचंही नेहमीचं झालं आहे. मोटारसायकलवरून हिसका मारून पळणाऱ्यांसाठी जुन्या दंडसंहितेत वेगळं कलमच नव्हतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०४ व्या कलमाने हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. शिवाय तोतया पोलीस आहेत. "आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून या कागदात बांधा," म्हणतात, पुडी स्वतःच्या हाताने बांधून देतात, आणि घरी येऊन उघडली की आत खडे. या सगळ्यावर उपाय म्हणून खरं सोनं लॉकरात आणि एक ग्रॅमवालं अंगावर, अशी विभागणी घरोघर झाली आहे. खऱ्याच्या झोपण्याचं भाडं आपण दरवर्षी भरतो आणि खोटं आपल्यासोबत लोकलमध्ये धक्के खातं. मला या खोट्याबद्दल मनापासून आदर आहे. चोराचा हिसकाही तेच सोसतं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र येत नाही. काम सांगतं म्हणून उतरवलेला दागिना काम संपलं की परत अंगावर येतो. कणीक झाली की अंगठी बोटात, ऑपरेशन झालं की जोडवी पायात, पीक आलं की पाटल्या हातात. लोक सांगतात म्हणून उतरवलेला परत येत नाही. नवरा गेला त्या दिवशी चार बायका जमतात आणि जन्मभर जे तिच्यासोबत राबलं ते तिच्या अंगावरून ओरबाडतात. त्यात ना यंत्राचा धोका असतो ना डॉक्टरांचा सल्ला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून हे बंद केलं, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. उलट बाजूही आहे. एखादीला गळ्यात काहीच घालायला आवडत नाही, उकाड्यात टोचतं, कामात अडकतं. तिला पंगतीत गाठून "गळा मोकळा कसा?" विचारणाऱ्याही याच चार जणी. घालण्याचा हुकूम आणि काढण्याचा हुकूम, दोन्ही त्यांच्याकडेच.

बँकेच्या काट्यावर एवढी वर्षं सोनं मोजल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. रोजचा दागिना घालायचा की काढायचा हे दोघांनीच ठरवावं, जिचं अंग आहे तिने आणि हातात जे काम आहे त्याने. बघणाऱ्यांनी त्यात पडू नये.

तेव्हा बायांनो, पेटीतलं थोडं बाहेर काढा. रंग उतरला असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासा. मोती असतील तर मात्र भिजवू नका. मनासारखं घाला, मशीनपाशी आणि कणकेपाशी आठवणीने काढा, आणि काढलेलं रोज एकाच वाटीत ठेवा म्हणजे मावशींना ताप नाही. आणि वर्षातून एकदा ओळखीच्या सोनाराकडे जाऊन मंगळसूत्राच्या कड्या आणि कानातल्याच्या फिरक्या तपासून घ्या. डाग द्यायला दहा मिनिटं लागतात.